मुलग्यांना न शिकवलेला धडा : पुरुषाच्या प्रजननसंस्थेची ओळख



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत विज्ञान शिकवीत असत. व्याख्यानाचा विषय आरोग्याशी संबंधित असावा, एवढीच समितीची सूचना होती. मी पुरुषाच्या प्रजननसंस्थेचा विषय कळविला, तेव्हा समितीने थोडा विचार करून होकार दिला. त्याबद्दल मी समितीचा ऋणी आहे. गेली पस्तीस वर्षे बेळगावात आणि आसपासच्या खेड्यांत मी वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. या काळात माझ्यासमोर बसलेल्या तरुणांपैकी फार मोठ्या संख्येला औषधाची गरज नव्हती; गरज होती ती माहितीची. ती त्यांना ना घरी मिळाली होती, ना शाळेत. म्हणून आजचे हे व्याख्यान औषधांविषयी नसून साध्या शरीरशास्त्राविषयी आहे.

१. शब्दांची अडचण

सीमाभागातील आपल्या मुलाची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. तो घरी मराठी बोलतो, बाजारात कन्नड बोलतो आणि विज्ञान बहुधा इंग्रजीतून शिकतो. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांना तिन्ही भाषांत प्रतिष्ठित शब्द त्याच्यापाशी असतात. पण कमरेखालच्या अवयवांसाठी त्याला दोनच प्रकारचे शब्द ठाऊक असतात : शिवीतले किंवा पाठ्यपुस्तकातले. शिवीतला शब्द वडीलधाऱ्यांसमोर उच्चारता येत नाही आणि पुस्तकातला त्याच्या जिभेवर रुळलेला नसतो. परिणामी दुखणे सांगायला आलेला मुलगा ‘खाली त्रास आहे’ एवढेच म्हणतो आणि मान खाली घालतो.

वास्तविक मराठीत हे शब्द आहेत. शिश्न, वृषण, वृषणकोश, शुक्राणू, वीर्य, मूत्रमार्ग हे सारे शब्द सभ्य आहेत आणि अर्थाला नेमके आहेत. हा विषय स्वच्छ मराठीत मांडण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. जुलै १९२७ पासून १९५३ साली झालेल्या आपल्या मृत्यूपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यासाठी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली खटलेही सोसावे लागले. १९३४ मधील अशा एका प्रकरणात त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निकाल कर्व्यांच्या विरोधात गेला. परंतु शरीराविषयीचे ज्ञान हे अश्लील नव्हे, ही भूमिका मराठी भाषेत तेव्हाच मांडली गेली होती. आज मी नवे काही धाडस करीत आहे असे समजण्याचे कारण नाही.

२. रचना

पुरुषाच्या प्रजननसंस्थेचे मूळ केंद्र म्हणजे दोन वृषण. गर्भावस्थेत ते पोटात, मूत्रपिंडाच्या खालच्या बाजूस तयार होतात आणि जन्मापूर्वीच्या शेवटच्या महिन्यांत खाली उतरून वृषणकोशात येतात. एवढा नाजूक अवयव निसर्गाने शरीराबाहेर पिशवीत का ठेवावा, असा प्रश्न सहज मनात येतो. त्याचे उत्तर तापमानात आहे. शुक्राणूंच्या निर्मितीस शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. थंडीत वृषणकोश आक्रसून वृषणांना शरीराजवळ ओढतो आणि उकाड्यात सैल पडून त्यांना दूर ठेवतो. थंड पाण्याने आंघोळ करताना प्रत्येक मुलाला हा अनुभव येतो आणि अनेकांना त्याची चिंता वाटते. चिंतेचे काही कारण नाही. तो बिघाड नसून उत्तम चालणारी यंत्रणा आहे. तसेच दोन्ही वृषण एका पातळीवर नसतात. बहुतेक पुरुषांत डावा थोडा खाली असतो, आणि हेही स्वाभाविकच आहे.

प्रत्येक वृषणात केसासारख्या बारीक नलिकांची शेकडो वेटोळी असतात. या नलिकांच्या भिंतींत शुक्राणू तयार होतात. मूळ पेशीपासून पूर्ण शुक्राणू बनण्यास साधारणपणे सत्तर दिवस लागतात. म्हणूनच एखाद्याला मोठा ताप येऊन गेला, तर त्याचा परिणाम वीर्यतपासणीत पुढचे दोन-अडीच महिने दिसू शकतो आणि नंतर आपोआप नाहीसा होतो. निरोगी तरुणाच्या शरीरात दररोज दहा कोटींच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक शुक्राणू निर्माण होतात. म्हणजे आपण येथे बसलो असताना दर सेकंदाला हजाराहून अधिक!

वृषणातून निघालेले शुक्राणू पोहू शकत नाहीत. वृषणाच्या पाठीमागे अधिवृषण नावाची एक नलिका गुंडाळलेली असते. ती उलगडली तर सुमारे सहा मीटर लांब भरेल. तिच्यातून जाताना, काही दिवसांच्या प्रवासात, शुक्राणू परिपक्व होतात. पुढे शुक्रवाहिनी त्यांना वर पोटात नेते. मूत्राशयाच्या पाठीमागे शुक्राशय आणि खाली पुरःस्थ ग्रंथी म्हणजे प्रोस्टेट असते. या दोहोंचे स्राव शुक्राणूंमध्ये मिसळतात आणि वीर्य तयार होते. ते मूत्रमार्गाने बाहेर पडते. लघवी आणि वीर्य यांचा शेवटचा मार्ग एकच असला तरी दोन्ही एका वेळी येत नाहीत. वीर्यस्खलनाच्या वेळी मूत्राशयाचे तोंड घट्ट मिटलेले असते.

३. वयात येणे

वृषणांना दोन कामे असतात : शुक्राणू तयार करणे आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक रक्तात सोडणे. ही दोन्ही कामे मेंदूच्या आज्ञेने चालतात. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दोन संप्रेरके पाठविते. त्यांतील एक शुक्राणूंच्या निर्मितीस चालना देते, तर दुसरे टेस्टोस्टेरॉनच्या. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की मेंदू आपली आज्ञा सौम्य करतो. पाण्याची टाकी भरली की नळ बंद करणाऱ्या गोळ्यासारखी ही व्यवस्था आहे.

सामान्यतः नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान ही यंत्रणा जागी होते. पहिले चिन्ह म्हणजे वृषणांची वाढ, परंतु ते बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. मग गुह्यभागी केस येतात, शिश्नाची वाढ होते, उंची झपाट्याने वाढते, आवाज फुटतो आणि सर्वांत शेवटी मिसरूड फुटते. एकाच वर्गातील एक मुलगा पुरुषासारखा दिसू लागतो आणि दुसरा बालकच असतो. दोघेही निरोगी असतात. चौदा वर्षे पूर्ण होऊनही कोणतेच चिन्ह नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

या काळातील एक गोष्ट मुलांना फार छळते. निम्म्या किंवा त्याहूनही अधिक मुलांच्या छातीत बोंडाखाली काही काळ दुखरी गाठ येते. संप्रेरकांचा समतोल साधला जाईपर्यंतची ती अवस्था असते आणि सामान्यतः सहा महिने ते दोन वर्षांत गाठ जिरते. तोवर तो मुलगा पोहायला जाणे सोडतो, कबड्डीच्या संघातून नाव काढून घेतो आणि अंगातला सदरा काढीत नाही. व्यायामशिक्षकांनी वर्गात दोन वाक्ये सांगितली, तर एक मुलगा मैदानावर परत येईल.

४. वीर्य म्हणजे काय?

१६७७ साली हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून प्रथम शुक्राणू पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. मात्र शुक्राणू आणि बीजांड यांच्या मीलनाने नवा जीव आरंभतो, हे निश्चित व्हायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली. १८७६ साली ओस्कार हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाने समुद्री साळिंदर नावाच्या जलचरात ते मीलन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. म्हणजे वीर्याविषयीच्या आपल्या बहुतेक समजुती जेव्हा घडल्या, तेव्हा जगात कोणालाच त्याचे खरे स्वरूप ज्ञात नव्हते. त्यासाठी पूर्वजांना दोष देण्याचे कारण नाही. पण ज्ञात झाल्यानंतरही जुनेच धरून बसलो, तर दोष आपला असेल.

एका वेळी बाहेर पडणारे वीर्य दीड ते पाच मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा असते. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग शुक्राशयाचा स्राव असतो आणि उरलेला बराचसा पुरःस्थ ग्रंथीचा. शुक्राणूंचे आकारमान त्यात अगदी थोडे असते. वीर्यात पाणी, फ्रुक्टोज नावाची फळांतील साखर, थोडी प्रथिने आणि जस्तासारखी खनिजे असतात. साखर हे शुक्राणूंचे वाटेतले अन्न होय. या चमचाभर द्रवातील एकूण पोषण भाकरीच्या एका घासापेक्षाही कमी भरेल.

५. ‘धातू जाण्या’चे भय

आता मी माझ्या विषयाच्या गाभ्याशी येतो. आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र असे सात धातू सांगितले आहेत. शुक्र हा शेवटचा, म्हणून सर्वांत सारभूत. एका प्राचीन शास्त्राने शरीर समजून घेण्याचा केलेला हा प्रयत्न होता आणि त्याचा आदर आहेच. परंतु त्यातून लोकव्यवहारात ‘चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य’ असा हिशेब रूढ झाला. या हिशेबाला शरीरशास्त्रात कोणताही आधार नाही. वीर्य रक्तापासून आटवून तयार होत नाही. ते ग्रंथींत सतत तयार होत असते, जशी तोंडात लाळ तयार होते. लाळ गिळल्याने किंवा थुंकल्याने कोणी अशक्त होत नाही.

ते बाहेर पडले नाही तर शरीरात साठून ‘ओज’ वाढते, हेही खरे नव्हे. जुने शुक्राणू शरीरातच विरघळून शोषले जातात किंवा झोपेत बाहेर पडतात. झोपेतील या क्रियेला आपण ‘स्वप्नदोष’ असे नाव दिले आहे. माझी भाषाशिक्षकांना विनंती आहे की, त्यांनी या शब्दातील ‘दोष’ काढून टाकण्याचे काम हाती घ्यावे. मुलींच्या मासिक पाळीसारखीच ही वयात येण्याची एक खूण आहे. काहींना ती वारंवार येते, काहींना क्वचित, तर काहींना कधीच नाही. तिन्ही प्रकार निरोगी आहेत. हस्तमैथुनाचेही तसेच आहे. त्याने दृष्टी जात नाही, स्मरणशक्ती कमी होत नाही, शिश्न वाकडे होत नाही, पुढे अपत्यप्राप्तीत अडथळा येत नाही. ज्याच्या मनाला ते रुचत नाही त्याने करू नये. परंतु रोगाच्या भयाने कोणीही रात्री जागून काढू नये.

हे भय केवळ आपल्याच मातीतले आहे असेही नाही. १७६० साली स्वित्झर्लंडमधील लोझानच्या तिसो नावाच्या डॉक्टराने हस्तमैथुनाने सर्व प्रकारचे रोग होतात असे सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढची दीडशे वर्षे युरोप त्या ग्रंथाच्या छायेत होता. तिकडची वैद्यकविद्या त्यातून बाहेर आली, आपल्याकडे मात्र ते भय जुन्या समजुतींना येऊन मिळाले आणि टिकून राहिले. १९६० साली भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी या भयातून होणाऱ्या आजाराला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. अशक्तपणा, निद्रानाश, छातीत धडधड, अभ्यासात लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे. ती खोटी नसतात. मुलाला खरोखरच त्रास होत असतो. पण तो वीर्य गेल्याने नव्हे, तर भीतीने झालेला असतो. लघवी दुधासारखी दिसली की धातू गेला असे तो समजतो. ती बहुधा लघवीतील फॉस्फेट क्षारांमुळे तशी दिसते. शौचाला जोर लावताना दोन थेंब चिकट स्राव आला, तर तो पुरःस्थ ग्रंथीवर दाब पडून आलेला असतो. जळजळ, पू किंवा रक्त असेल तर मात्र तपासणी हवी.

या भयावर एक मोठा व्यापार उभा आहे. रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिराती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ठराविक वारी लॉजवर खोली घेऊन बसणारे ‘वैद्य’ही आपल्याला ठाऊक आहेत. आता तेच सारे मुलाच्या खिशातल्या मोबाइलवर आले आहे. वस्तुतः १९५४ च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना बंदी आहे. खानापूर तालुक्यातील एका तरुणाने अशा औषधापायी घरची दुभती म्हैस विकल्याचे मला त्याच्या आईकडून कळले. कशासाठी विकली, हे त्या माउलीला शेवटपर्यंत माहीत नव्हते. त्या मुलाला कोणताही आजार नव्हता.

६. ताठरता : रक्ताचे गणित

शिश्नात हाड नसते आणि ताठरतेस कारणीभूत होणारा स्नायूही नसतो. त्यात स्पंजासारखे तीन लांबट स्तंभ असतात. मेंदूकडून किंवा स्पर्शातून संदेश आला की तेथील मज्जातंतू नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात सोडतात. त्याने रोहिण्या सैलावतात, स्पंजात रक्त भरते आणि रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दबल्या जातात. रक्तवाहिन्यांतील या वायूच्या कार्याचा शोध लावल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

झोपेतही निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. पहाटे जाग येताना जाणवते ती त्यांतली शेवटची. मनात काही वाईट आले म्हणून हे घडत नाही. भीती, घाई किंवा चिंता असेल तर शरीर ॲड्रिनॅलिन सोडते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ताठरता जाते. नवविवाहितांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे असते. धीर आणि पतिपत्नींतील मोकळे बोलणे हा त्यावरचा पहिला उपाय होय.

परंतु चाळिशीनंतर हळूहळू वाढत गेलेली तक्रार वेगळी समजावी. शिश्नाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक असतात. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा तंबाखू यांनी रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या, तर त्याची पहिली चाहूल येथे लागते, कधी हृदयविकाराच्या काही वर्षे आधी. अशा वेळी गुपचूप गोळ्या आणण्याऐवजी रक्तातील साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावे. छातीदुखीसाठी नायट्रेटची औषधे घेणाऱ्याने या गोळ्या घेतल्यास रक्तदाब एकाएकी कोसळून प्राणावर बेतू शकते.

७. मुलगा की मुलगी, आणि मूल का नाही?

स्त्रीच्या बीजांडात नेहमी एक्स गुणसूत्र असते. शुक्राणूंपैकी साधारण अर्ध्यांत एक्स आणि अर्ध्यांत वाय असते. वाय असलेला शुक्राणू बीजांडाला मिळाला तर मुलगा, एक्स असलेला मिळाला तर मुलगी. अमेरिकन शास्त्रज्ञ नेटी स्टीव्हन्स या विदुषीने १९०५ साली किड्यांच्या पेशींचा अभ्यास करून हा उलगडा केला. सव्वाशे वर्षे होत आली, तरी मुलगी झाली म्हणून सुनेला माहेरी धाडणारी घरे आपल्या अवतीभवती आहेत. हे पुरुषाच्या इच्छेवर नाही आणि स्त्रीच्या हाती तर मुळीच नाही.

वंध्यत्वाचेही तेच. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीच्या कारणासोबत, असते. तरीही तपासण्या, उपासतापास आणि बोलणी प्रथम स्त्रीच्याच वाट्याला येतात. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित तपासणी आहे. ती आधी व्हावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये एक कोटी साठ लाख शुक्राणू ही खालची संदर्भमर्यादा आहे. पुरुषत्व आणि शुक्राणूंची संख्या या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही त्याचे वैवाहिक जीवन अगदी स्वाभाविक असू शकते. तेव्हा तपासणीला नकार देणारा पती आपले पुरुषत्व राखत नसून पत्नीवर अन्याय करीत असतो.

व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांना येथेच सांगतो. पिळदार शरीरासाठी बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा तत्सम स्टेरॉइड टोचून घेतले की टाकी भरली असे मेंदूला वाटते आणि तो वृषणांना आज्ञा देणे थांबवितो. वृषण आकसतात आणि शुक्राणूंची निर्मिती बंद पडू शकते. ती पूर्ववत व्हायला अनेक महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो.

८. नसबंदी

पुरुष नसबंदीत दोन्ही शुक्रवाहिन्या तोडून बांधतात. वृषणांना हातही लावीत नाहीत. टेस्टोस्टेरॉन रक्तातून जाते, त्या नलिकांतून नव्हे. त्यामुळे ताकद, दाढीमिशा, इच्छा आणि ताठरता यांत फरक पडत नाही. वीर्यही पूर्वीइतकेच येते, फक्त त्यात शुक्राणू नसतात. चीनमधील डॉ. ली शुन्छियांग यांनी १९७४ साली विकसित केलेल्या बिनटाक्याच्या पद्धतीने हे काम थोड्या वेळात होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. वाहिनीत पुढे उरलेले शुक्राणू संपेपर्यंत सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरावे आणि वीर्यतपासणी करून खात्री करून घ्यावी.

स्त्रीची शस्त्रक्रिया यापेक्षा मोठी असते, कारण पोट उघडावे लागते किंवा पोटात दुर्बीण घालावी लागते. असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली होती. पतीची शस्त्रक्रिया झालेल्यांचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत झालेल्या सक्तीची कटू आठवण यामागे आहे, हे मान्य. पण त्या सक्तीला आता पन्नास वर्षे झाली. तिचा भार आजही आपल्या बायकांनी का वाहावा, याचा विचार पुरुषांनीच केला पाहिजे.

९. डॉक्टरांकडे केव्हा जावे?

भीती कशाची बाळगू नये हे सांगितले. आता कशाची बाळगावी तेही सांगतो.

पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एका वृषणात अचानक तीव्र वेदना सुरू झाली, मळमळ होऊ लागली, तर वृषणाला पीळ पडला असण्याची शक्यता असते. हे बहुधा किशोरवयात, कित्येकदा झोपेत घडते. पिळामुळे रक्तपुरवठा तुटतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचतो; उशीर झाला तर काढून टाकावा लागतो. आठवीतल्या एका मुलाला माझ्याकडे तिसऱ्या दिवशी आणण्यात आले. दोन दिवस त्याने पोट दुखते एवढेच सांगितले होते, कारण खरी जागा आईला सांगायची त्याला लाज वाटली. वृषण काळा पडला होता. एका वृषणावर माणूस निरोगी राहतो, बापही होतो. परंतु त्या मुलाने जे गमावले ते रोगाने नव्हे, लाजेने गमावले.

दुसरी गोष्ट बाळाची. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी तीन-चार जणांचा एखादा वृषण जन्मतः खाली उतरलेला नसतो. सहा महिन्यांपर्यंत तो आपोआप उतरू शकतो. न उतरल्यास दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावी. ‘मोठा झाला की होईल’ असे म्हणू नये. पुढे वंध्यत्व आणि कर्करोग यांचा धोका वाढतो.

तिसरी, वृषणातील न दुखणारी कठीण गाठ. वृषणाचा कर्करोग मुख्यतः पंधरा ते पस्तीस या वयात होतो आणि वेळीच उपचार झाल्यास बहुतांशी बरा होतो. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी बोटांनी चाचपून पाहावे. अंडवृद्धी, अंतर्गळ आणि वृषणाभोवती फुगलेल्या शिरा यांवरही उपचार आहेत. वयात आल्यानंतर गालगुंड झाले आणि वृषण सुजले, तर घरगुती लेपांवर विसंबू नये.

चौथी, स्वच्छता. लहान बाळाच्या शिश्नाची पुढची त्वचा चिकटलेली असते. ती ओढून मागे सारू नये. वाढत्या वयात ती आपोआप सुटते. मग मुलाने रोज ती मागे घेऊन साध्या पाण्याने धुवावे आणि पुन्हा पुढे आणावी. मागे गेलेली त्वचा पुढे येत नसेल, तर ती तातडीची अवस्था समजावी.

पाचवी, लैंगिक संबंधातून पसरणारे रोग. मूत्रमार्गातून पू, जखम किंवा पुरळ ही लक्षणे दिसताच उपचार घ्यावेत आणि जोडीदारानेही घ्यावेत. निरोध योग्य प्रकारे वापरल्यास एचआयव्हीपासून आणि इतर अनेक रोगांपासून संरक्षण मिळते.

आणि आजोबांसाठी एक : साठीनंतर निम्म्याहून अधिक पुरुषांची पुरःस्थ ग्रंथी वाढलेली असते. रात्री वारंवार उठावे लागणे, लघवीची धार बारीक होणे ही त्याची लक्षणे. ‘वय झाले’ म्हणून ती अंगावर काढू नयेत.

१०. शाळेने काय करावे?

२००७ साली किशोरशिक्षणाच्या कार्यक्रमावर महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश अशा राज्यांतून आक्षेप घेतले गेले आणि अनेक ठिकाणी तो स्थगित झाला. मुले बिघडतील, असे तेव्हा म्हटले गेले. त्यानंतर प्रत्येक हातात मोबाइल आला. आता मुलांना माहिती मिळणार की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. ती शिक्षकांकडून मिळणार की अश्लील चित्रफितींतून, एवढाच प्रश्न आहे. त्या चित्रफितींतील शरीरे आणि वर्तन यांना मुले वास्तव समजतात, स्वतःच्या शरीराची तुलना करून खचतात, आणि संमती हा शब्द तेथे त्यांच्या कानी पडत नाही. दुसऱ्याच्या शरीरावर आपला अधिकार नाही, हे मुलग्याला वेळेवर सांगणे हाही आरोग्यशिक्षणाचाच भाग आहे. त्याच्या स्वतःच्या शरीरावरही दुसऱ्याचा अधिकार नाही. २०१२ चा बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायदा मुलगे आणि मुली दोघांनाही संरक्षण देतो. मात्र अत्याचार झालेला मुलगा तो सांगू शकला पाहिजे, आणि त्यासाठी त्याच्यापाशी शब्द पाहिजेत.

माझ्या सूचना तीन आहेत. सातवीपासून प्रत्येक वर्षी मुलग्यांसाठी दोन तास राखून ठेवावेत, त्यांतला एक डॉक्टरांनी आणि एक शिक्षकांनी घ्यावा. वर्गात एक बंद पेटी ठेवावी. मुलांनी तीत नाव न घालता प्रश्न टाकावेत आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वर्गात दिले जावे. शाळेच्या ग्रंथालयात या विषयाची मराठी पुस्तके कुलपात न ठेवता शरीरशास्त्राच्या कपाटात ठेवावीत. यासाठी सरकारी अनुदानाची किंवा मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. शिक्षकाने पहिल्यांदा ‘वृषण’ हा शब्द फळ्यावर लिहावा, मुले हसतील, त्यांना हसू द्यावे आणि मग धडा पुढे चालवावा. दुसऱ्या दिवशी कोणी हसणार नाही.

सभागृहातील ज्या वडिलांचा मुलगा दहा-बारा वर्षांचा आहे, त्यांनी ही पुस्तिका घरी नेल्यावर कपाटात न ठेवता त्याच्या हाती लागेल अशा ठिकाणी ठेवावी, एवढी विनंती करून माझे भाषण पुरे करतो.